बाहुली आधी की डबा आधी?

आळशी_सुई:
मंडळी, "बाहुली आणि तिचा डबा" हा या महिन्याचा विषय सुचवताना सगळ्यांत जास्त उड्या मीच मारल्या होत्या. तेव्हा पहिल्या फजितीचा मानही माझाच.

निळ्या पक्ष्यांचा एक छापील कागद मी "चांगल्या कामासाठी" म्हणून दोन वर्षं जपला होता. तो बघून राहवेना, म्हणून आधी डबाच केला. पुठ्ठा २ मिमीचा. डबा २४ सेंमी लांब, १२ रुंद, ७ उंच. वर टोपीसारखं बसणारं वेगळं झाकण. मग त्या मापाची बाहुली बेतली. कागदावर काढली तेव्हा बरोबर २३ सेंमी होती. शिवली, भरली, केस लावले आणि बाईसाहेब २५ सेंमीच्या झाल्या. पाय दुमडले तर गुडघे वर येतात, सरळ केले तर डोकं काठावर जातं. त्यात झाकणाची वेगळी तऱ्हा. रात्री कागद चिकटवला तेव्हा सपाट होतं, सकाळी बघते तर दोन्ही टोकं वर. होडीच.

फोटो १: नुसता डबा (सुंदर आहे, कबूल करा). फोटो २: बाहुली डब्यात (हसू नका). फोटो ३: झाकण, बाजूनं. चेहरा अजून कोरा आहे, कारण धीर होत नाही.

यातलं काय काय वाचेल?

गोंदू:
हसले. माफ कर. ती झोपलेली वाटतच नाही, टबात बसून पाय बाहेर टाकलेत असं दिसतंय. हातात एक चिमुकलं पुस्तक दे आणि डबा मुळात टबच होता असं ठोकून दे.

रिकामी_रीळ:
+१. आणि झाकणाची होडी झालीच आहे तर वल्ही कर. दोन वस्तू करायला गेलीस, चार झाल्या.

पुठ्ठेवाला:
विनोद झाले असतील तर झाकणाचं बोलू. ते वाकलं यात तुमची चूक नाही, कागदाचा स्वभाव आहे. पण तो स्वभाव विचारात घेतला नाहीत, ही चूक.

कागद आणि पुठ्ठा दोघांनाही ग्रेन असते. कारखान्यात लगदा पुढे सरकत असताना बहुतेक तंतू एकाच दिशेनं झोपतात, ती दिशा म्हणजे ग्रेन. प्रत्येक तंतू पाणी प्यायला की जाडीनं फुगतो, लांबीनं जवळजवळ वाढत नाही. म्हणून गोंद लावलेला कागद ग्रेनला आडवा पसरतो. तो पसरलेल्या अवस्थेत तुम्ही पुठ्ठ्यावर चिकटवलात. रात्रभरात तो वाळून आकसला आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढून बसला. तुम्ही कागद फक्त बाहेरून लावलाय ना? म्हणून बाहेरचा पृष्ठभाग खोलगट झाला आणि टोकं वर आली. तुमच्या फोटोत नेमकं तेच दिसतंय.

उपाय सोपा आहे. आतूनही कागद लावा, म्हणजे दोन्हीकडून सारखी ओढ बसेल. ग्रेन सगळ्यांची एकाच दिशेनं हवी: पुठ्ठ्याची, बाहेरच्या कागदाची, अस्तराची. लांबट झाकण असेल तर ती लांबीच्या दिशेनं ठेवायची.

ग्रेन ओळखायला यंत्र लागत नाही. कागद हातात धरून हलकेच वळवा, घडी घालू नका. एका बाजूनं तो मुकाट्यानं वळतो, दुसऱ्या बाजूनं कुरकुरतो. मुकाट्यानं वळला तेव्हा जिथे घडी पडली असती, त्या रेषेला समांतर ग्रेन. पुठ्ठ्याचंही तसंच. खात्री होत नसेल तर कोपऱ्यातला तुकडा ओला करा. तो आपोआप गुंडाळी होऊ लागतो, आणि ती नळी ज्या दिशेला लांब, तीच ग्रेन.

आळशी_सुई:
तीन वेळा वाचलं, मग घरातले सगळे कागद वळवून बघितले. पक्ष्यांचा कागद लांबीच्या बाजूनं कुरकुरतो! म्हणजे मी ग्रेन आडवी लावली. पण पक्षी उभे राहायला हवेत तर कागद तसाच लावावा लागतो ना?

पुठ्ठेवाला:
हा जुना तंटा आहे. नक्षी एकीकडे, ग्रेन दुसरीकडे. अशा वेळी नक्षीला जिंकू द्यायचं आणि अस्तराचा कागदही आडव्या ग्रेनचाच लावायचा, म्हणजे निदान ओढ सारखी होते. तुमचं झाकण वाचेल असं वाटतं. आतल्या बाजूला पातळ खळ लावलेला कागद चिकटवा. इथे पांढरा गोंद नको, खळीत पाणी जास्त असतं म्हणून ती जास्त ओढते. वर कोरा कागद, त्यावर सपाट फळी, त्यावर घरातली सगळ्यांत जड पुस्तकं. दोन दिवस डोकवायचं नाही.

आळशी_सुई:
डोकवायचं नाही हेच अवघड आहे.

चिंधीबाई:
झाकणाचं झालं. आता बाहुलीकडे वळू, कारण बिचारीला सगळे विसरलेत.

सुई, एक सांग. पायांचं कापड तिरकं कापलंस का?

आळशी_सुई:
हो. तुकडा पुरत नव्हता, म्हणून पाय कोपऱ्यात तिरके बसवले. का?

चिंधीबाई:
तेच! पाय उरेब कापले गेले. कापडाला ताण्याच्या, म्हणजे काठाला समांतर धाग्यांच्या दिशेनं ओढलं तर ते फारसं ताणत नाही, आडवं ओढलं तर थोडं ताणतं आणि तिरकं ओढलं तर रबरासारखं. गळ्याला पट्टी लावताना उरेब का कापतो? वळावी, ताणावी म्हणून. तू पायात कापूस ठासत गेलीस आणि पाय लांब होत गेले. दोन सेंमी तिथेच गेले. पाय-हात नेहमी कापडाच्या काठाला समांतर बेतायचे, मग कितीही ठासा.

दुसरी गंमत रुंदीची आहे. कागदावर चपटी बाहुली रुंद दिसते, भरली की ती बारीक होते आणि जाड होते. साधा हिशेब कर. शिवणीपासून शिवणीपर्यंत डोकं ११ सेंमी रुंद असेल तर घेर झाला २२. तो गोल झाला की आडवं माप ७ सेंमीच उरतं. पण तेच ७ सेंमी आता जाडीलाही आहे. तुझ्या डब्याची उंची किती म्हणालीस?

आळशी_सुई:
सात.

चिंधीबाई:
म्हणजे झाकण सपाट असतं तरी तिच्या नाकावरच बसलं असतं. त्यात मागे केसांची जाडी वेगळीच. चपट्या कागदावरून डब्याचं माप कधी घेऊ नये. आधी बाहुली करायची, भरायची, केस लावायचे, एक रात्र तशीच ठेवायची (कापूस थोडा बसतो) आणि मग पट्टी लावायची.

शिवणीबाहेर माया किती सोडली होतीस? वळणांना खाचा दिल्या का?

आळशी_सुई:
माया एक सेंमी. खाचा विसरले. मानेशी चुण्या पडल्यात त्या त्याच का?

चिंधीबाई:
त्याच. बाहुलीला एक सेंमी माया म्हणजे झगा झाला. अर्धा सेंमी पुरे, टीप बारीक ठेव, दीड-दोन मिमीची. नाहीतर भरताना शिवण हसते आणि कापूस डोकावतो. मानेशी आणि काखेत टिपेच्या अगदी जवळपर्यंत खाचा द्यायच्या, टीप कापायची नाही. आणि कापूस बोटभर तुकड्यांनी भर. मोठा गोळा कोंबला की आत ढेकूळ राहतं, ते जन्मभर हाताला लागतं. सगळ्यांत आधी पायाचे आणि हाताचे पंजे, मान अगदी शेवटी आणि सगळ्यांत घट्ट. बहुतेक बाहुल्या मानेतच मान टाकतात.

गोंदू:
"शिवण हसते" हे वाचून माझ्या सगळ्या उशा आठवल्या.

पुठ्ठेवाला:
चिंधीबाईंचं सगळं मान्य, एक सोडून. डबा आधीच करावा. पुठ्ठा आणि कागद तडजोड करत नाहीत, कापूस करतो. जो वाकतो त्यानं वाकावं.

चिंधीबाई:
अहो, बाहुली वाकली म्हणूनच तिचे गुडघे वर आलेत! तुम्ही आयुष्यात एक तरी बाहुली केली आहे का?

पुठ्ठेवाला:
नाही. डबे मात्र मोजता येणार नाहीत इतके केलेत.

कात्रणवही:
भांडण मस्त चाललंय, त्यात माझं एक लाकूड. बाहुली हाच डबा असेल तर? मी मात्र्योश्काबद्दल बोलते आहे, एकीच्या पोटात दुसरी अशा त्या रशियन बाहुल्या. दिसायला फार पुरातन वाटतात, पण पहिला संच १८९० च्या दशकात मॉस्कोच्या परिसरात झाला. लाकूड कातलं वासिली झ्व्योझ्दोच्किन या कारागिरानं, रंगवलं सेर्गेई माल्युतिन या चित्रकारानं. आठ बाहुल्या होत्या. सगळ्यांत बाहेर काळा कोंबडा धरलेली मुलगी, सगळ्यांत आत तान्हं बाळ. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात या बाहुल्यांना पदक मिळालं आणि मग त्या जगभर गेल्या.

या धाग्याच्या कामाची गोष्ट पुढे आहे. कारागीर सुरुवात सगळ्यांत आतल्या, न उघडणाऱ्या चिमुकलीपासून करतात. ती झाली की तिच्यावरचीचा खालचा भाग, मग वरचा, मग पुढची. म्हणजे आधी बाहुली, मग तिचा डबा, आणि तो डबा पुढच्या डब्याची बाहुली. चिंधीबाईंना एक गुण.

पुठ्ठेवाला:
सगळ्यांत बाहेरची केवढी हवी हे ठरल्याशिवाय आतली किती चिमुकली करायची हे त्या कारागिराला कसं कळतं? गुण मला हवा.

कात्रणवही:
अर्धा घ्या. एक मात्र तुमच्या बाजूचं आहे. लाकूडही तुमच्या पुठ्ठ्यासारखंच ओल पिऊन फुगतं. लिंडेनच्या झाडाचे ओंडके वर्षानुवर्षं वाळवल्याशिवाय कातायला घेत नाहीत, नाहीतर आज घट्ट बसलेली बाहुली उद्या उघडायचीच नाही, किंवा परवा खुळखुळायला लागायची.

मधली_काडी:
जपानमध्येही आधी वस्तू, मग पेटी. मातीचा चांगला वाडगा झाला की त्याच्या मापानं किरी नावाच्या हलक्या लाकडाची पेटी करतात, आणि वाडगा घडवणारा तिच्या झाकणावर आपल्या हातानं नाव लिहितो. तिला तोमोबाको म्हणतात. पेटी हरवली तर वाडग्याचं मोल कमी होतं! आपल्या डब्यांच्या झाकणाला आतून नाव आणि तारीख लिहायची पद्धत आपणही पाडू या का? मागच्या वेळी दोन डबे कोणाचे हेच कळेना.

गोंदू:
त्यातला एक माझा होता. मुद्दाम गप्प बसले होते.

चष्मा_कुठे:
मी या धाग्यावर वयानं सगळ्यांत मोठी असेन. हात थोडा थरथरतो म्हणून शिवण सोडली, पण कातरीनं चित्रं कापते आणि डब्यांवर चिकटवते. हे काम तुम्हा लोकांच्या मानानं हलकं वाटतं का, असं कधी कधी मनात येतं.

शिवाय एक अडचण आहे. डब्यावर फुलं चिकटवली, वर पाण्याचं वॉर्निश दिलं, तर लाल रंग पसरून पाकळ्या भिजल्यासारख्या झाल्या. आणि दुसऱ्या डब्याचं झाकण रात्री लावलं ते सकाळी उघडेचना. ओढलं तर रंग सोलून आला.

कात्रणवही:
आजी, हलकं कसलं! अठराव्या शतकात व्हेनिसमध्ये हीच कला जोरात होती. पूर्वेकडच्या लाखकामाचं फर्निचर सगळ्यांनाच हवं होतं आणि परवडत फार थोड्यांना होतं. मग छापलेली चित्रं कापून, रंगवून लाकडावर चिकटवायची आणि वर वॉर्निशचे थरावर थर द्यायचे, कडा बोटाला लागेनाशा होईपर्यंत. आणि वयाचं म्हणाल तर इंग्लंडमधल्या मेरी डिलेनीबाईंनी १७७० च्या दशकात, सत्तरी ओलांडल्यावर, रंगीत कागद कापून काळ्या पार्श्वभूमीवर फुलं करायला सुरुवात केली. साडेनऊशेच्या वर केली, नजर अधू होईपर्यंत. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तुम्ही कापत राहा.

रिकामी_रीळ:
आजी, फुलं घरच्या प्रिंटरवर छापली होती का? शाईच्या प्रिंटरचा रंग बहुतेक वेळा पाण्यात विरघळतो. लेझर प्रिंटरची छपाई पसरत नाही, कारण ती पूड उष्णतेनं कागदावर वितळवून बसवलेली असते. शाईचीच वापरायची असेल तर आधी स्प्रेचं वॉर्निश लांबून, हलक्या हातानं दोन-तीनदा मारा, पूर्ण वाळू द्या, मगच गोंदाचा हात लावा. आणि कोपऱ्यातल्या एका पाकळीवर आधी करून बघा.

पुठ्ठेवाला:
झाकणाचं उत्तर माझ्याकडे. वॉर्निश हाताला कोरडं लागतं म्हणजे ते पक्कं झालं असं नाही. आत ते अजून मऊ असतं. दोन मऊ थर एकमेकांवर दाबून ठेवले की एकमेकांना धरतात. पाण्याच्या वॉर्निशला पक्कं व्हायला दोन-तीन आठवडे द्या आणि तोवर झाकण बाजूला ठेवा. नंतरही जिथे घासतं तिथे मेणबत्ती एकदा फिरवा. सोलून आलेल्या जागी काय करायचं तर, आजी, तिथे आणखी एक फूल.

चष्मा_कुठे:
तिथे फुलपाखरू लावलं. कोणाला कळत नाही. (आता तुम्हा सगळ्यांना कळलं.)

आळशी_सुई:
चेहऱ्याचं कोणी काहीच बोललं नाही! मी बाहुलीला मांडीवर घेऊन बसते आणि पेन उचलून परत ठेवते.

चिंधीबाई:
पेन ठेवच. कापडावर पेनाची रेघ फुटते. आधी रंगीत डोक्याच्या टाचण्या घे आणि त्या डोळ्यांच्या जागी टोचून बघ. सरकव, पुन्हा बघ, लांब जाऊन बघ, आरशात बघ. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असले की मोठं माणूस दिसतं. मध्याच्या खाली आणले आणि एकमेकांपासून लांब केले की लहान मूल दिसतं. नवशिके डोळे फार वर काढतात आणि मग बाहुली कर वसूल करायला आल्यासारखी बघते.

जागा ठरली की केसांखालून, डोक्याच्या मागच्या बाजूनं सुई घाल आणि डोळ्याच्या जागी बाहेर काढ, म्हणजे गाठ केसांत लपते. दोरा जरा ओढलास की डोळ्याच्या जागी छोटीशी खळगी पडते आणि चेहऱ्याला लगेच जीव येतो. जास्त ओढलास तर कवटी.

मधली_काडी:
मी तर म्हणते चेहरा जवळजवळ नकोच. वॉल्डॉर्फ शाळांमधल्या कापडी बाहुल्यांना दोन ठिपके आणि एक बारीकशी रेघ एवढंच असतं, तेही मुद्दाम. ठसठशीत हसरी बाहुली मूल रडत असतानाही हसतच राहते. ठिपक्यांची बाहुली मुलासोबत रडते.

गोंदू:
माझ्याकडच्या ठिपक्यांच्या बाहुलीला सगळे "ही रागावलीये का?" विचारतात. मुलांसोबत रडत असेल, पाहुण्यांवर मात्र डोळे वटारते.

चिंधीबाई:
ठिपक्यांना माझा विरोध नाही, पण ठिपके सगळ्यांत अवघड. रेघ चुकली तर पापणी करून झाकता येते. ठिपका एक मिमी सरकला की बाहुली तिरळी.

आळशी_सुई:
मी ठिपके घेतले. टाचण्यांनी सतरा वेळा जागा बदलली. शेवटी डावा डोळा किंचित खाली राहिला, पण त्यामुळे ती काहीतरी आठवायचा प्रयत्न करतेय असं वाटतं. उसवत नाही.

नवा_टाका:
नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितोय. दीड वर्षाच्या भाचीसाठी बाहुली करतोय. डोळ्यांना काळी बटणं छान दिसतात, आणि डब्याला आत लपवलेलं चुंबक लावायचा विचार आहे, म्हणजे झाकण टक्कन बंद होईल. चालेल ना?

चिंधीबाई:
स्वागत! पण दोन्ही गोष्टींना स्पष्ट नाही.

तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात सुटू शकेल असा लहान भाग नको. खेळण्यांच्या तपासणीत एक छोटी नळी वापरतात, ३१.७ मिमी व्यासाची. वस्तू न दाबता त्या नळीत पूर्ण मावली तर ती घशात अडकू शकते असं धरतात. बटणं तर त्यात मूठभर मावतील. ती कितीही घट्ट शिवा, मूल रोज तोंडात घालून ओढणार आणि दोरा कधीतरी झिजणार. डोळे भरतकामाचे करा. मणी, घुंगरू, टिकल्या काही नको. केसांचे धागेही लांब मोकळे ठेवू नका, मुळाशी शिवून टाका.

रिकामी_रीळ:
चुंबकाचं तर अजिबात मनात आणू नका. ती छोटी ताकदवान चुंबकं दोन गिळली गेली तर आतड्याच्या भिंती मधे पकडून एकमेकांना चिकटतात, भोक पडतं आणि थेट शस्त्रक्रियेची वेळ येते. आणि कागदाखाली चिकटवलेलं चुंबक पुठ्ठा ओला झाला की सहज निघतं.

पुठ्ठेवाला:
माझ्या बऱ्याच डब्यांत चुंबकं आहेत. हे वाचून आज कपाट उघडलं आणि जे दोन डबे लहान मुलांच्या घरी दिलेत, त्यांच्याकडून परत मागवले. बदली फितीचे करून देतो. नवा टाका, तुमच्यासाठी: झाकण डब्याच्या तळापर्यंत खोल करा, ते स्वतःच्या वजनानंच नीट बसतं. कशाचीच गरज पडत नाही.

नवा_टाका:
बरं झालं विचारलं. बटणं माझ्या शर्टाला लावतो.

कात्रणवही:
विषय निघालाच आहे बाहुली आणि डब्याचा, तर जोसेफ कॉर्नेलचा उल्लेख व्हायला हवा. हा अमेरिकन माणूस आयुष्यभर काचेच्या दर्शनी भागाच्या पेट्यांत सापडलेल्या वस्तू मांडत राहिला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याची एक पेटी आहे, १९४० च्या दशकाच्या सुरुवातीची. आत गवती टोपी घातलेली एक जुनी बाहुली उभी, आणि तिच्यासमोर डहाळ्यांची अशी गर्दी की चेहरा मधूनमधूनच दिसतो. डबा बाहुली ठेवायला नाही, तर बाहुली शोधायला.

गोंदू:
चित्र बघितलं. आता मी दिवा लावून झोपणार.

चष्मा_कुठे:
मला आवडली. लपाछपीत सगळे घरी निघून गेले आणि हिला सांगायचं राहिलं, असं वाटतं.

आळशी_सुई:
दोन दिवस झाले, पुस्तकं काढली. झाकण सपाट! अगदी सपाट नाही, एक कोपरा अजून मान वर करतो, पण होडी बुडाली. पुठ्ठेवाला, धन्यवाद.

पण बाहुली त्यात मावत नाही ती नाहीच. पाय उसवून आखूड करावेत का, यावर कालची संध्याकाळ घालवली. नाही झालं माझ्याच्यानं. डोळे लावल्यावर पाय कापणं जमेना. नवा डबा करते. माप बाहुलीवरूनच घेणार. झाकण किती मोठं ठेवायचं?

पुठ्ठेवाला:
झाकणाचं माप आताच काढू नका. आधी खालचा डबा पूर्ण करा, कागद लावून, वाळवून. मग त्याच्यावरून माप घ्या. लोक पुठ्ठा मोजतात आणि कागद विसरतात. कागद ०.२ मिमीचा धरा. एका बाजूला तो किती वेळा मधे येतो बघा: डब्याच्या बाहेरचा एक, झाकणाच्या काठावरून आत दुमडलेला दुसरा, झाकणाचं अस्तर तिसरा. दोन बाजू म्हणजे सहा थर. १.२ मिमी तिथेच गेले. त्यावर हवेपुरती एखादा मिमी ढील. झाकणाचा आतला पुठ्ठा डब्याच्या पुठ्ठ्यापेक्षा सव्वादोन मिमीनं मोठा धरा, चुकणार नाही.

आळशी_सुई:
नवा डबा: २७ बाय १२, उंची ९. बाहुलीला कागदावर झोपवलं, चारी बाजूंनी एक बोट सोडून रेघ मारली. पक्ष्यांचा कागद उरला नव्हता, म्हणून खाकी कागद, आणि झाकणावर पक्ष्यांच्या उरलेल्या तुकड्यांतून कापलेला एकच पक्षी. आजींच्या पद्धतीनं. ग्रेन लांबीला, दोन्हीकडून कागद, वर पुस्तकं, सगळं सगळं केलं.

आणि आता झाकण इतकं नेमकं बसलंय की उघडत नाही. वर ओढलं की पूर्ण डबाच उचलला जातो, बाहुलीसकट.

पुठ्ठेवाला:
अभिनंदन, हा चांगल्या डब्यांचा रोग आहे. उघडताना आत हवा शिरायला वाट नाही, म्हणून डबा झाकणाला धरून ठेवतो. झाकणाच्या लांब बाजूंच्या मध्यावर, खालच्या काठाला, अंगठ्याच्या रुंदीची अर्धगोल खाच कापा. हवाही शिरते आणि डबा धरायलाही जागा होते. पुढच्या वेळी ती कागद लावायच्या आधी कापायची. आता कटर नवं पातं घालून चालवा आणि कापलेल्या कडेला त्याच रंगाची पट्टी लावा.

आळशी_सुई:
जमलं! फोटो टाकलाय. झाकण सोडलं की हळूहळू उसासा टाकत खाली बसतं. काल रात्री दहा-बारा वेळा उगाच उघडून बंद केलं. झाकणाला आतून नाव आणि तारीखही लिहिली आहे, मधली काडी.

पहिल्या डब्यात आता चिंध्या, टाचण्या आणि आखूड दोरे. पक्षी बघून छान वाटतं.

चिंधीबाई:
बाहुली फार गोड आहे गं. तो डावा डोळा अजिबात हलवू नकोस. आणि समस्त मंडळींनी नोंद घ्यावी: बाहुली आधी झाली, मग डबा.

पुठ्ठेवाला:
नोंद घेतली, मान्य नाही. पण तुम्ही विचारलं होतं ना, एक तरी बाहुली केली आहे का, म्हणून केली. फोटो सोबत. धड पुठ्ठ्याच्या नळीचं, डोकं कागदाच्या लगद्याचं, हात दोऱ्यानं ओवलेले, ओढले की हलतात. डोळे ठिपक्यांचे, टाचण्या लावून. डबा अर्थातच आधी केला आणि बाहुली त्याच्या मापात बेतली.

चिंधीबाई:
अहो, काय सुरेख झालीये! तो टोपीचा काठ कसा वळवलात? पण तिचा डब्यातला फोटो कुठे आहे?

पुठ्ठेवाला:
झाकण जरा वर राहतं.

चिंधीबाई:
किती?

पुठ्ठेवाला:
तीन मिमी.

गोंदू:
टोपी काढून ठेवा की शेजारी.

पुठ्ठेवाला:
चिकटवली आहे.